एक बी कमी आहे

थळकरबाईंची आणि माझी ओळख लिफ्टमध्ये झाली. टोरांटोच्या एटोबिको उपनगरातल्या त्या बिल्डिंगमध्ये राहायला येऊन आम्हाला चारच दिवस झाले होते. बायकोशी मराठीत वाद घालत मी खाली निघालो होतो. अकराव्या मजल्यावर एक बुटक्या, साठीकडे झुकलेल्या बाई आत शिरल्या. त्यांनी माझ्याकडे, माझ्या बायकोकडे आणि कोपऱ्यातल्या पोलिश आजोबांकडे एकदा नीट पाहून घेतलं, कोटाच्या खिशातून पत्र्याचा चपटा डबा काढला आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक खजूर ठेवला. आजोबांनी तो मुकाट्यानं तोंडात टाकला. मी नागपूरचा, आपणहून कुणी दिलेल्या खाण्याला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. मीही टाकला. तळमजला आला, दार उघडलं आणि बाईंनी रिकामा तळहात पुढे केला. आजोबांनी त्यावर बी ठेवली. माझ्या बायकोनं ठेवली. मी नुसता बघत राहिलो.

"बी द्या," बाई चक्क मराठीत म्हणाल्या. "तीन दिले, तीन परत आले पाहिजेत."

"लिफ्टमधून माणूस जाणार कुठं?"

"जाणारा सांगून जात नाही हो," असं म्हणून त्यांनी बी घेतली, रुमालात गुंडाळली आणि बर्फात निघून गेल्या.

सिपोरा थळकर. मूळ गाव अलिबागजवळचं थळ. कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे आपल्या मराठी ज्यू कुटुंबातल्या. त्यांचे आजोबा तेलाचा घाणा चालवायचे आणि धर्माचा सुट्टीचा वार म्हणून शनिवारी बंद ठेवायचे. बाईंना माशांचं कालवण अप्रतिम जमतं आणि त्या जर्मन शिकवतात. त्यातलं शेवटचं वाक्य ऐकलं की आमच्या मराठी मंडळातले लोक हमखास घास हातात धरून थांबतात. "पण तुम्ही ज्यू ना? मग जर्मन?" हा प्रश्न मी स्वतः निदान पंधरा वेळा ऐकला असेल. बाईंचं उत्तर ठरलेलं. "मला शाळेत गणित येत नव्हतं," असं म्हणून त्या भात वाढून घेतात.

योगायोग असा की मी पूलबांधणी शिकवायला ज्या विद्यापीठात रुजू झालो, त्याच विद्यापीठात बाई वीस वर्षांपासून होत्या. टोरांटोच्या पश्चिमेला गाडीनं तासाभरावर. त्यामुळे दुसऱ्या आठवड्यापासून आमचं कारपूल सुरू झालं, आणि थळकरबाई म्हणजे काय प्रकरण आहे ते मला हायवेवर हप्त्याहप्त्यानं कळत गेलं.

दरवर्षी मे महिन्यात बाई अठरा विद्यार्थ्यांना घेऊन सहा आठवडे ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात जायच्या. सकाळी भाषेचा वर्ग, दुपारी शहर. मुलं एकोणीस-वीस वर्षांची, बहुतेक जण पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली. बाईंच्या शिकवण्याची तऱ्हा निराळी होती. पुस्तक त्या पहिल्या दिवशी गोळा करून कपाटात टाकायच्या. मग प्रत्येकाला एक चिठ्ठी. एखाद्याला बुटाची नाडी आणायची, एखाद्याला छत्री दुरुस्त करून आणायची, एखाद्याला कुठल्याही आजीबाईंकडून लोणच्याची कृती विचारून यायची. नकाशा नाही, फोन नाही. "हरवा," बाई सांगायच्या. "हरवल्याशिवाय माणूस तोंड उघडत नाही."

आता अठरा मुलांना रोज हरवायला सोडायचं म्हणजे रोज ती सापडलीही पाहिजेत. इथं तो डबा येतो.

बाई माणसं मोजत नाहीत. म्हणजे एक, दोन, तीन असं डोक्याकडे बोट दाखवून मोजणं त्यांना चालत नाही. "माणसं मोजू नयेत, नजर लागते. आमच्यात जुन्या काळापासून आहे ते. मोजायचीच झाली तर वस्तू मोजाव्या." म्हणून सकाळी निघताना प्रत्येकाला एक खजूर. संध्याकाळी जमताना प्रत्येकाकडून एक बी. बी आली म्हणजे माणूस आला. सुरुवातीला त्या शेंगदाण्याची चिक्की द्यायच्या आणि तिचा कागद परत घ्यायच्या. कॅनडात शेंगदाणा काढला की लोक दोन पावलं मागे सरकतात, अ‍ॅलर्जी. मग तिळाच्या वड्या झाल्या. दुसऱ्याच वर्षी तिळाची अ‍ॅलर्जी असलेला मुलगा आला. शेवटी बाई खजुरावर स्थिरावल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की देवानं हे फळ पावतीसकट बनवलंय.

चौथ्या वर्षी बाईंनी मलाही त्या कार्यक्रमात ओढलं. दुसरा एक शिक्षक लागायचा, कुठल्याही विषयाचा. मी 'शहरं आणि पूल' असा एक कोर्स उभा केला आणि ग्राझला गेलो. मला जर्मनचं अक्षर येत नव्हतं. बाई म्हणाल्या, "उत्तम. मुलांना तुमच्यामुळे धीर येईल."

तिसऱ्याच दिवशी मी घात केला. ट्रामच्या स्टॉपवर उभं असताना सवयीनं बी तोंडातून काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. संध्याकाळी जमलो तेव्हा बाईंच्या डब्यात अठरा बिया. एक कमी.

"बाई, ती माझी. मी फेकली. मी हा इथं तुमच्यासमोर उभा आहे."

"दिसताय. पण बी नाही."

"अहो, मी साक्षात आहे ना!"

"बोकारे," बाई शांतपणे म्हणाल्या, "आज तुम्हाला सूट दिली तर उद्या मुलं म्हणतील, मी मित्राला सांगितलं होतं, मी हात केला होता, मी मागेच होतो. जा, बी आणा."

मग सिव्हिल इंजिनिअरिंगची डॉक्टरेट मिळवलेला एक प्राध्यापक भर संध्याकाळी ग्राझच्या ट्राम स्टॉपवर कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून उभा राहिला, आणि अठरा विद्यार्थी पावसात रांगेनं बघत राहिले. एक पोलिस आला. बाईंनी त्याला जर्मनमध्ये काय समजावलं कोण जाणे, त्यानं टॉर्च काढून माझ्यासाठी डब्यात उजेड पाडला. बी सापडली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर माझ्या हयातीत मी बी फेकलेली नाही, घरीसुद्धा खिशात सापडतात आणि बायको वैतागते.

बाईंची आणखी एक खोड सांगायची राहिली. त्या वेळ खरी सांगत नाहीत. सातला निघायचं असलं की साडेसहा सांगतात. ट्रेन, बस, विमान, सगळ्याला अर्धा तास अलीकडची वेळ. तिकिटं कायम त्यांच्याच पर्समध्ये. खरी वेळ काय ते त्यांना आणि रेल्वेलाच ठाऊक. पहिल्या हिवाळ्यात मी रोज अर्धा तास आधी पार्किंगमध्ये बर्फ उपसायचं शोव्हल घेऊन उभा असायचो. दुसऱ्या हिवाळ्यात मी अर्धा तास उशिरा उतरायला लागलो, तर त्यांनी पाऊण तास अलीकडची वेळ सांगायला सुरुवात केली.

आणि दर शुक्रवारी सकाळी साडेआठ ते पावणेनऊ बाई माझ्या गाडीची किल्ली मागून घ्यायच्या. पार्किंगमध्ये गाडीत एकट्या बसून फोनवर बोलायच्या. मी कधी विचारलं नाही. परत यायच्या तेव्हा पाच मिनिटं नाक पुसायच्या आणि म्हणायच्या, "तुमचा हीटर फार कोरडा आहे."

ग्राझमध्ये एक दिवस मात्र खोड्या नसायच्या. नदीच्या पलीकडे तिथलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे. जुनं नाझींनी जाळून टाकलं होतं. त्याच्याच वाचलेल्या विटा घालून नवीन बांधलंय. दरवर्षी बाई मुलांना तिथं न्यायच्या. व्याख्यान नाही, काही नाही. दारात खजूर द्यायच्या, बाहेर आल्यावर बिया घ्यायच्या, आणि त्या एका दिवशी बिया दोनदा मोजायच्या.

दोन हजार नऊच्या हिवाळ्यात विद्यापीठानं रिस्क ऑफिस नावाचं नवीन खातं काढलं. त्यात ग्रेग नावाचा एक उंच, पापभीरू मनुष्य नेमला. विद्यापीठात कुठं काय वाईट घडू शकेल याची यादी करणं हे त्याचं काम. यादी करता करता तो आमच्या कार्यक्रमापर्यंत पोचला, आणि आम्हाला मीटिंगला बोलावणं आलं.

डीन, ग्रेग, बाई आणि मी. ग्रेगनं नम्रपणे विचारलं, "व्हॉट इज युअर हेड-काउंट प्रोसीजर?"

बाईंनी डबा काढून टेबलावर ठेवला आणि तिघांना एकेक खजूर दिला.

त्यानंतरचा अर्धा तास मी विसरणार नाही. ग्रेगनं वहीत लिहिलं ते मला उलटं वाचता आलं: 'फ्रूट'. त्याच्याखाली दोन रेघा. मग त्यानं सांगितलं की एक प्रवास कंपनी आहे, ती असे कार्यक्रम पूर्णपणे चालवते. मुलांच्या मनगटावर बारकोडचे पट्टे असतात, चढताना-उतरताना मशीन फिरवायचं. गाइड त्यांचे, वर्ग त्यांचे. शिक्षकांना जायची गरजच नाही.

"म्हणजे मुलं हरवणारच नाहीत?" बाईंनी विचारलं.

"एक्झॅक्टली," ग्रेग खुश होऊन म्हणाला.

"मग ती बोलायला कधी शिकणार?"

डीन भला माणूस. त्यानं मधला मार्ग काढला. ग्रेगनं या वर्षी शेवटचे सहा दिवस ग्राझला येऊन सगळं डोळ्यांनी बघायचं. त्याच्या रिपोर्टवर ठरेल, कार्यक्रम बाईंचा राहील की कंपनीचा होईल. मीटिंग संपली. बाईंनी उठून हात पुढे केला. डीननं मुकाट्यानं बी दिली. ग्रेगनं आपली बी एका टिश्यू पेपरात व्यवस्थित गुंडाळून दिली.

परतताना हायवेवर मिसिसॉगा आलं. बाई म्हणाल्या, "बोकारे, लग्नाचं माझं राहूनच गेलं. त्याचं काही वाटत नाही. पण दरवर्षी अठरा मुलं होतात मला. तेवढी काढून नका घेऊ म्हणावं." मी वायपर सुरू केले. बाहेर काही पडत नव्हतं.

जूनच्या शेवटी ग्रेग ग्राझला आला. जेट लॅगनं डोळे लाल, गळ्यात शिट्टी, डोक्यावर लाल टोपी आणि हातात क्लिपबोर्ड. क्लिपबोर्डवर अठरा नावं आणि पुढे चौकोन. दिवसातून सहा वेळा तो नावं पुकारून खुणा करायचा. बाई आपल्या डब्यानं मोजायच्या. दोघांचाही हिशेब रोज चोख लागायचा, त्यामुळे दोघांनाही थोडं वाईट वाटायचं. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाई त्यालाही रोज सकाळी खजूर द्यायच्या, आणि तो माणूस रोज संध्याकाळी न चुकता टिश्यूत गुंडाळलेली बी परत करायचा. खजूर त्याला आवडायचा नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसायचं. तरी खायचा.

शेवटचा दिवस. सामान सकाळीच स्टेशनवर ठेवलेलं. दुपारी व्हिएन्नाची ट्रेन, दुसऱ्या सकाळी टोरांटोचं विमान. मुलांना शेवटचं भटकायला दुपारपर्यंत मोकळीक होती. शहराच्या मधोमध एक टेकडी आहे, वर घड्याळाचा बुरूज. ठीक तीन वाजता टेकडीच्या पायथ्याशी जमायचं. "ट्रेन पावणेचारची," बाईंनी बजावलं.

तीनला मुलं आली. ग्रेग नव्हता. त्यानं सकाळीच क्लिपबोर्ड माझ्याकडे दिला होता, "मी कदाचित आधी स्टेशनवर जाऊन सामान बघेन" असं म्हणून. मी नावं पुकारली, अठरा खुणा केल्या. एकही चौकोन रिकामा नाही. आयुष्यात पहिल्यांदा सगळी मुलं वेळेवर आली होती. "चला!" मी म्हणालो.

"थांबा," बाई म्हणाल्या. डबा त्यांच्या हातात उघडा होता. "एक बी कमी आहे."

"बाई, यादी पूर्ण आहे."

"यादीत ग्रेग कुठंय?"

मी पाहिलं. खरंच नव्हता. यादी त्यानं स्वतः केलेली, त्यामुळे स्वतःचं नाव त्यात घालायचं त्याला सुचलंच नव्हतं. "अहो, तो स्टेशनवर गेलाय. सांगून गेलाय," मी म्हणालो.

"कदाचित जाईन म्हणाला. बी देऊन गेला नाही. बोकारे, तो माणूस नियमाचा आहे. मीटिंगमध्ये माझ्याविरुद्ध बोलत होता तेव्हासुद्धा बी दिली त्यानं. आजचा दिवस बी न देता तो जाणार नाही. दुपारी टेकडी चढताना दिसला होता मला, तो वरच आहे कुठंतरी."

ग्रेगचा फोन दोन दिवसांपासून बंद होता, कारण त्याचा चार्जर तिथल्या भिंतीत बसत नव्हता. एक शब्द जर्मन येत नव्हता त्याला. आणि समजा त्याच्यासाठी थांबून ट्रेन चुकली, वीस जणांचं विमान चुकलं, तर रिपोर्ट लिहायचीही गरज उरणार नव्हती. मी हे सगळं बाईंना भडाभडा सांगितलं.

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून काय त्याला सोडून जाऊ?"

मग त्या मुलांकडे वळल्या आणि जर्मनमध्ये चार वाक्यं बोलल्या. मला फक्त 'ग्रेग' कळलं. पुढच्या क्षणाला अठरा मुलं दोन-दोन करून पांगली. काही पायऱ्यांनी वर, काही लिफ्टनं, काही मागच्या वाटेनं. आणि मी पायथ्याशी उभा राहून जे ऐकलं ते मी अजून लोकांना सांगत असतो. टेकडीवर चहूकडून जर्मन ऐकू यायला लागलं. आइस्क्रीमवाल्याला विचारतायत, बाबागाडीवाल्या आयांना विचारतायत, बाकांवरच्या म्हाताऱ्यांना विचारतायत. उंच माणूस, लाल टोपी, गळ्यात शिट्टी, पाहिलात का? सहा आठवड्यांपूर्वी याच मुलांना बुटाची नाडी मागता येत नव्हती.

त्यात केल्सी नावाची एक मुलगी होती. लंडनजवळच्या शेतावरची. आमचं लंडन, ओन्टारियोतलं. वर्गात सहा आठवडे तिनं तोंड उघडलं नव्हतं, बाईंनी विचारलं की मान खाली. ही केल्सी वरून पायऱ्या उतरत ओरडत आली. तिला बागेचा माळी भेटला होता, आणि त्या माळ्याशी ती चांगली पाच मिनिटं बोलली होती. लाल टोपीवाला एक माणूस चेस्टनटच्या झाडांमागे बाकावर झोपलाय, माळ्यानं त्याच्याभोवती पाइप फिरवून पाणी घातलं पण त्याला उठवलं नाही. हे सगळं तिनं बाईंना जर्मनमध्येच सांगितलं. सांगून झाल्यावर आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं, आणि ती तोंडावर हात ठेवून हसायला लागली.

ग्रेगला दोघांनी धरून खाली आणलं. तो हैराण झालेला. "बट इट वॉज ओन्ली टेन पास्ट वन!"

त्याचा दोष नव्हता. त्या बुरुजावरच्या घड्याळाचे काटे उलटे आहेत. लांब काटा तास दाखवतो आणि आखूड काटा मिनिटं. फार पूर्वी तिथं एकच मोठा काटा होता, तासाचा. मिनिटाचा नंतर बसवला, तो लहान बसवावा लागला. बाई पहिल्याच आठवड्यात मुलांना हे दाखवून त्यावर त्यांची परीक्षा घेतात. ग्रेगनं दोन वाजून पाच मिनिटांनी वर पाहिलं होतं, त्याला एक वाजून दहा मिनिटं झालेली दिसली. जवळजवळ दोन तास हातात आहेत म्हणून तो जरा टेकला. बाकी काम जेट लॅगनं केलं.

"अ‍ॅम आय लेट? द ट्रेन..." तो रडकुंडीला आला होता. साडेतीन होऊन गेले होते.

बाईंनी आधी तळहात पुढे केला. ग्रेगनं शर्टाच्या खिशातून टिश्यू काढला. बी त्यात होती. बाईंनी ती डब्यात टाकली, झाकण लावलं आणि मग म्हणाल्या, "ट्रेन सव्वाचारची आहे. चला, पळू नका."

मी आयुष्यात इतके पूल पाहिले, पण एवढी मोठी हुश्श कुठल्याच पुलानं दिली नाही. ट्राममध्ये मुलांनी केल्सीला उचलून घेतलं. अनोळखी ऑस्ट्रियन लोकांनी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हतं. ग्रेग ट्रेनमध्ये व्हिएन्ना येईपर्यंत लिहीत होता. मध्येच त्यानं मान वर करून बाईंना विचारलं, "यू काउंटेड मी?"

"ऑफ कोर्स," बाई म्हणाल्या. "यू केम विथ अस."

तो रिपोर्ट मी पुढे वाचला. कार्यक्रम थळकरबाईंकडेच राहावा, त्यांना हवं तितकी वर्षं. आणि त्याला एक परिशिष्ट जोडलेलं होतं, त्यात खजुराची पद्धत एक ते सात कलमांत लिहिलेली. आज आमच्या विद्यापीठात बर्फाच्या सहलीला जाणारी भूगोलाची मुलंसुद्धा बिया परत करतात. प्रवास कंपनीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावरचं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही उतरलो. बियांची मोजणी तिथं होत नाही. ती व्हिएन्नालाच आटोपून बिया तिकडेच टाकायच्या, कारण कॅनडाच्या कस्टमवाल्यांना सुट्या बियांचं वावडं. बाहेर आलं की बाई फक्त शेवटचा खजूर देतात. त्याची बी परत घेत नाहीत. "आता तुम्हाला घरचे मोजतील," असं प्रत्येकाला म्हणतात. आयाबाप समोर फुगे घेऊन उभे असतात, मुलं रडतात, असा सगळा प्रकार. जितके जण तितके खजूर, डबा रिकामा. वर्षानुवर्षं असंच.

त्या दिवशी बाईंनी अठरा मुलांना दिले, मला दिला, ग्रेगला दिला. आणि डब्यात बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"कोण राहिलं?" त्या कुजबुजल्या. मग मोठ्यानं, सगळ्या भाषा एकत्र करून, "वेअर इज... बोकारे, एक उरलाय! कोण राहिलं?"

मी ग्रेगच्या हातातला क्लिपबोर्ड हिसकावून घेतला. मुलं एकमेकांना बघायला लागली. आयाबाप आपापल्या मुलांचे दंड धरून उभे राहिले. मी अठरा नावं पुकारली, अठरा हात वर आले.

"नोबडी इज मिसिंग," ग्रेग पुढे येऊन म्हणाला. तो लाल झाला होता. "आय पुट वन एक्स्ट्रा. इन व्हिएन्ना. झिपोरा, यू वेअर नॉट ऑन युअर लिस्ट आयदर."

मुलं आधी हसली, मग त्यांनी जो गिल्ला केला तो तिथल्या गार्डला येऊन थांबवावा लागला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तो खजूर उचलून मुठीत धरला.

विमानतळापासून आमचं घर पंधरा मिनिटांवर. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मी इंजिन बंद केलं तरी बाई उतरेनात. मूठ तशीच.

"आम्ही सात भावंडं," त्या म्हणाल्या. "थळला शुक्रवारी संध्याकाळी शनिवारसाठीचे दिवे लावायच्या आधी आई ताटात सात खजूर ठेवायची. नावं घ्यायची नाही, मोजायची नाही. ताट रिकामं झालं की तिला कळायचं, सगळे घरात आहेत. मी ग्राझला शिकायला गेले आणि तेवढ्यात एकेक करून सगळे इस्रायलला गेले. घर विकलं. मी येते म्हणाले. मग इथं नोकरी लागली, मग ही मुलं. येते म्हणाल्याला आता तीस वर्षं झाली. आई नव्वदीची आहे. सगळे तिच्याभोवती आहेत, नातवंडं-पतवंडं. तरी दर शुक्रवारी दिवे लावायच्या आधी फोनवर मला सांगते, 'एक उरला गं.'"

मला हीटरची आठवण झाली आणि मी खिडकीबाहेर बघितलं.

"मी म्हणते, आई, खाऊन टाक ना तो. तर म्हणते, तुझा मी कसा खाऊ?"

मग बाईंनी मूठ उघडली. खजूर हाताच्या उबेनं मऊ झाला होता. त्यांनी तो तोंडात टाकला आणि सावकाश, डोळे मिटून खाल्ला. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर होतो, पण त्यांना खजूर खाताना मी पहिल्यांदाच बघत होतो. खाऊन झाल्यावर त्यांनी पर्समधून टिश्यू काढला, ग्रेगसारखीच व्यवस्थित घडी घातली आणि बी माझ्या तळहातावर ठेवली.

"घ्या," बाई म्हणाल्या. "एकवीस. परवा शुक्रवार आहे. आईला सांगते, इथं मोजलं मला."